शार्कचे दात आणि आईची पाऊणकी

आवाज येतोय ना नीट? बाहेर वारा आहे, त्यामुळे मागे थोडी घरघर ऐकू येईल, सांभाळून घ्या.

मागच्या भागासोबत मी एक फोटो टाकला होता, तळहातावर काळे-करडे त्रिकोणी तुकडे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, हे काय आहे? कुणी म्हणालं बाणाची टोकं, कुणी म्हणालं सुपारीची खांडं. एकाने तर लवंग म्हटलं. ते शार्कचे दात आहेत. जिवंत शार्कचे नाहीत. ज्या शार्कच्या तोंडातून ते पडले, ते मासे साधारण एक ते दोन कोटी वर्षांपूर्वी पोहत होते. आज त्यांच्याबद्दल बोलू. आणि आईबद्दलही बोलावं लागेल, कारण फोटोतले बहुतेक दात तिने शोधलेत, मी नाही.

मी राहतो व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या बाहेर. तिथून दीड-दोन तासांवर, शेजारच्या मेरीलँड राज्यात, चेसापीक नावाची खाडी आहे. आपल्याकडच्या खाडीसारखी नाही, फार मोठी. तिच्या पश्चिम काठावर कॅल्व्हर्ट क्लिफ्स नावाचे मातीचे कडे आहेत, काही ठिकाणी शंभर फूट उंच. लांबून बघितलं तर एकावर एक थर दिसतात, चिकणमाती, वाळू, मध्येच शिंपल्यांचा पट्टा. हे थर जमले तेव्हा तिथे उथळ, उबदार समुद्र होता. देवमासे होते, डॉल्फिन होते, आणि त्यांना खाणारे शार्क होते. आता लाटा कड्याचा पाया खातात, वरची माती ढासळते, पाणी ती धुऊन नेतं आणि जड वस्तू किनाऱ्यावर राहतात. त्यात दात असतात.

दातच का, हाडं का नाहीत? कारण शार्कला हाडं नसतातच. त्याचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसल्या लवचिक पदार्थाचा. ती कुजून जाते. दात मात्र टणक, वर चकचकीत आवरण. आणि शार्क दातांच्या बाबतीत अगदी उधळा आहे. जबड्यात एकामागे एक रांगा तयार असतात, पुढचा पडला की मागचा सरकतो. एक शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकतो. समुद्राच्या तळाशी गाळात गाडले गेले की गाळातली खनिजं हळूहळू त्यात शिरतात आणि दात दगड होतो. रंग काळा, करडा, तपकिरी, कसाही असतो. तो रंग गाळाचा, वयाचा नाही. काळा म्हणजे जुना आणि फिकट म्हणजे नवा, असं काही नसतं. मी पहिले सहा महिने तसंच समजत होतो.

एक गंमत सांगतो. युरोपात हे दात शतकानुशतकं लोकांना सापडत होते, पण ते दात आहेत हे बहुतेकांना पटत नव्हतं. त्यांना म्हणायचे जिभेचे दगड. रोमन लेखक प्लिनीने तर लिहून ठेवलंय की ते चंद्रग्रहणात आकाशातून पडतात. विषावर उतारा म्हणून श्रीमंत लोक ते जवळ बाळगायचे. मग १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला नेलं आणि तिथल्या निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने ते कापून बघितलं. जबड्यातले दात आणि ते जिभेचे दगड त्याने शेजारी शेजारी ठेवले. झालं. त्याच्याआधी फाबियो कोलोना हेच म्हणाला होता, पण स्टेनो पुढे गेला. समुद्री माशाचा दात डोंगराच्या दगडात घुसला कसा? याचं उत्तर शोधताना त्याने १६६९ मध्ये मांडलं की थर एकावर एक साचतात, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. आज शाळेत भूगर्भशास्त्राचा जो पहिला धडा शिकवतात, तो एका माशाच्या तोंडातून निघालाय.

बरं, आता माझ्याकडे येतो. मी हे सुरू केलं ते एकटेपणातून, सरळ सांगतो. शनिवारी करायला काही नसायचं. कॅल्व्हर्ट क्लिफ्सच्या स्टेट पार्कात गाडी लावली की जंगलातून तीनेक किलोमीटर चालत किनाऱ्यावर जायचं. सापडलेले दात घरी न्यायला तिथे परवानगी आहे. अट एकच, कड्याखाली जायचं नाही आणि कडा खणायचा नाही. पहिल्या दिवशी मला चार तासांत तीन दात सापडले, सगळ्यात मोठा हरभऱ्याच्या डाळीएवढा. डोक्यात मात्र मेगालोडॉन होता. त्याचा दात पंजाएवढा असतो, मोठ्यात मोठे अठरा सेंटिमीटरपर्यंत. तो काही सापडेना, म्हणून मी एक ऑनलाइन विकत घेतला. किती डॉलरला ते विचारू नका. आला तेव्हा कळलं की वरचा अर्धा भाग राळेचा, रंग देऊन जोडलेला. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

जूनमध्ये आई आली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकलं आणि मी तिचं तिकीट काढलं. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून जवळ. तिला वाटलं होतं की मुलाकडे जातेय, म्हणजे घरात माणूस असेल. माणूस होता, पण दार लावून मीटिंगमध्ये. इथे गाडी चालवता आली नाही तर दुधाच्या पिशवीलाही जाता येत नाही. शेजारी हसतात आणि दार लावतात. ती दिवसातून तीनदा ओटा पुसायची.

एक दिवस मी मीटिंग म्यूट करून पाणी प्यायला बाहेर आलो. ती जमिनीवर परातीत तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी म्हटलं, आई, इथल्या तांदळात खडे नसतात. ती म्हणाली, "माहितीये. सकाळीच निवडलेत हे."

मी परत मीटिंगमध्ये गेलो. नंतर कुणी काय बोललं ते मला आठवत नाही.

त्या शनिवारी तिला किनाऱ्यावर घेऊन गेलो. गाडीत समजावलं की शार्कचे दात शोधायचे. "म्हणजे मुशीचे? मुशी आम्ही कालवणात घालतो, दात कोण गोळा करतं?" वगैरे झालं. किनाऱ्यावर मी माझी पद्धत दाखवली, की चालत राहायचं, ओल्या वाळूच्या रेषेवर नजर ठेवायची. तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं, मग बसली. खाली, बारीक खडीच्या पट्ट्यात, उन्हाकडे तोंड करून. मूठभर खडी उचलायची, तळहातावर पसरायची, अंगठ्याने सरकवायची. अर्ध्या तासाने हाक मारली. तिच्या रुमालात अकरा दात होते.

मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, "चमकतो तो. खडा चमकत नाही, आणि खड्याला बाजू नसतात." चाळीस वर्षं तांदळातला पांढरा खडा शोधणाऱ्या माणसाला काळ्या खडीतला काळा दात दिसणार नाही तर कुणाला? पुढच्या वेळी तिने पिठाची चाळण आणि प्लास्टिकचा ट्रे घेतला आणि तो ट्रे सुपासारखा पाखडायला लागली. हलके शिंपले पुढे उडायचे, जड ते मागे राहायचं. आजूबाजूचे लोक आपापली महागडी जाळी सोडून बघायला येत होते.

तिने नावंही ठेवली. मी आपला सांगायचो, हा टायगर शार्क, हा हेमीप्रिस्टिस, हा सँड टायगर. तिच्यासाठी टायगर म्हणजे कोयती, कारण तो एका बाजूला वाकलेला असतो. हेमीप्रिस्टिस म्हणजे करवत, त्याच्या कडेला खरखरीत दाते असतात. सँड टायगर म्हणजे दाभण. आणि एक फार कमी मिळणारा असतो, काऊ शार्कचा, एकाच मुळावर ओळीने बरीच टोकं. तिची फणी. आता मीही हीच नावं वापरतो.

आता भरती-ओहोटी. दात शोधायला ओहोटी लागते, हे उघड आहे. मी फोनवर अॅप बघायचो. आईने जाताना सोबत कालनिर्णय आणलं होतं, ते फ्रीजवर चुंबकाने लावलेलं. कोकणात जुन्या लोकांचा एक हिशेब असतो. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. तिच्या वडिलांनी तिला पाऊणकी याच्यासाठी पाठ करायला लावली होती. ज्यांना पाऊणकी म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांनी आजीला विचारा. पाऊणचा पाढा असतो तो.

तर पहिल्या शनिवारी तिने तिथी बघून वेळ सांगितली आणि ती साफ चुकली. मी हसलो. तिने वाळूत काठी रोवली आणि दर थोड्या वेळाने पाणी कुठवर आलंय ते बघत बसली. घरी येऊन कालनिर्णयच्या त्या चौकोनात वेळ लिहिली. असे चार शनिवार. मग म्हणाली, "हिशेब तोच आहे रे. फक्त मधे ठरावीक तास मिळवायचे."

आणि हे बरोबर आहे! मी बसून तपासलं. भरती चंद्रामागे चालते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा. पंधरा तिथींत बारा तासांचा फरक, म्हणून पाऊणपटीचा नियम. पण चंद्र डोक्यावर आल्यापासून किती वेळाने एखाद्या किनाऱ्यावर भरती येईल, हे तिथल्या किनाऱ्याच्या आकारावर ठरतं. चेसापीकमध्ये तर लाटेला समुद्रापासून लांबलचक खाडी चढून यावं लागतं. म्हणजे सूत्र तेच, ऑफसेट वेगळा. आईने चार डेटा पॉइंटवर ऑफसेट काढला होता. अमेरिकी सरकारच्या तक्त्याशी ताडून बघितलं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, बाकी बरोबर.

तिची एक तक्रार मात्र होती की ही कसली ओहोटी. हर्णैला पाणी गेलं की होड्या वाळूवर आडव्या पडतात. इथे जेमतेम फूट-दीड फूट फरक. इथे चंद्रापेक्षा वारा मोठा. वायव्येकडून जोराचा वारा सुटला की तो पाणी खाडीबाहेर ढकलतो आणि जो किनारा एरवी दिसत नाही, तो उघडा पडतो. हे कळल्यावर ती तारखेसमोर वाराही लिहायला लागली. तारीख, वेळ, वारा, किती कोयत्या, किती करवती. दुधाचा हिशेब लिहितात तसं.

मधेच एक प्रश्न घेतो, कारण तो नक्की येणार. महाराष्ट्रात सापडतात का? आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. लाव्ह्यात मासे पोहत नाहीत, त्यामुळे तिथे शोधू नका. गुजरातेत कच्छमध्ये आणि ओडिशात बारीपदा भागात जुन्या समुद्राचे थर आहेत, तिथून शार्कचे दात अभ्यासकांनी नोंदवलेत.

आता सप्टेंबर. हे सांगावं की नाही, असा विचार केला होता.

आठवडाभर पाऊस पडून गेला होता. पावसानंतर कडे ढासळतात, म्हणजे ताजा माल. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तर पाटीच्या पलीकडे, कड्याच्या पायथ्याशी, मातीचा नवा ढीग दिसत होता. पाटीवर स्पष्ट लिहिलंय की कड्याखाली जायला मनाई आहे. मी पाटी ओलांडली. ढिगातून एक काळं टोक बाहेर आलेलं मला दिसलं होतं. मोठं होतं. माझ्या डोक्यात एकच शब्द होता, तुम्हाला कळलं असेल कुठला.

आई पाटीशी थांबली. म्हणाली, "इकडे ये." मी म्हटलं दोन मिनिटं. ती म्हणाली, "वरची झाडं बघ, पुढे झुकलीत. माती ओली आहे." मी म्हटलं, हो, आलोच. मग तिने मला पूर्ण नावाने हाक मारली, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. शाळेत असताना तशी मारायची. किनाऱ्यावरच्या सगळ्या लोकांनी वळून बघितलं. मी चिडून परत आलो. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, चारचौघांत.

आम्ही ओंडक्यावर बसून डब्यातले घावन खात होतो. मी तिच्याशी बोलत नव्हतो. आधी वरून थोडी माती भुरभुरली, वाळू ओतल्यासारखी. मग रिक्षाएवढा तुकडा सुटून खाली आला. त्याच्यासोबत एक झाड. आवाज फार मोठा नव्हता, हे मला अजून विचित्र वाटतं. धप्प, एवढंच. मी जिथे उभा होतो तिथून ते पंधरा-वीस पावलांवर पडलं. पाणी बराच वेळ गढूळ होतं.

ती काही बोलली नाही. घावनाचा डबा बंद केला. परतीच्या वाटेत, गाडीत, अंधार पडल्यावर बोलली. तळियेबद्दल. महाडजवळचं तळिये, २०२१ चा जुलै, दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत आमच्याकडे रात्री कुणी झोपत नसे. बाबा टॉर्च घेऊन घरामागचा उतार बघून यायचे, दर दोन तासांनी. हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा पुण्यात होतो, फोनवर रोज विचारायचो आणि ते रोज सांगायचे, सगळं ठीक आहे.

ते काळं टोक कशाचं होतं, कधीच कळलं नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही सॉलोमन्स गावातल्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये गेलो. तिथे मेगालोडॉनचा पूर्ण आकाराचा सांगाडा उभारलाय, आई त्याच्या जबड्याखाली बराच वेळ उभी होती. आम्ही आमची फणी दाखवायला नेली होती. तिथल्या माणसाने सगळ्यात आधी विचारलं, कुठे सापडली, कधी? आईने तारीख, जागा आणि वारा कुठून होता तेही सांगितलं. मी भाषांतर केलं. मग त्याने माझी बरणी बघितली. त्यात दोनेकशे दात होते, तीन-चार किनाऱ्यांवरचे, सगळे एकत्र. यातला कुठला कुठला? मला एकही सांगता आला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये लॉग लिहा, लॉग लिहा म्हणून कमेंट टाकणारा मी. दात कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या थराखाली मिळाला हे गेलं की तो फक्त सुंदर खडा उरतो. ती बरणी मी आता वेगळी ठेवलीय. सुंदर आहे.

तिचा मुक्काम वाढवायचा फॉर्म मी भरून ठेवला होता. आणखी सहा महिने मागता येतात. तिला सही करायला दिला, तिने वाचलाही नाही. म्हणाली, "तुझ्याकडे मला शनिवार आहे. तिकडे मला सगळे वार आहेत." मी खूप वाद घातला. एकटी कशी राहशील, पावसात काय करशील, वगैरे. ती ऐकून घेत होती आणि दात कागदाच्या पुड्यांत बांधत होती, प्रत्येक पुडीवर तारीख. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला विमानतळावर सोडलं. पुड्या माझ्याकडेच ठेवून गेली. एक करवत तेवढी पर्समध्ये होती.

घरी आलो, फ्रीज उघडायला गेलो तर कालनिर्णय दिसलं. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या प्रत्येक शनिवारी, प्रत्येक रविवारी, पेन्सिलने ओहोटीची वेळ लिहिलेली. तिथीवरून काढलेली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्या वेळेप्रमाणे गेलो, तर पाणी आधीच चढायला लागलं होतं. वाटलं वाऱ्यामुळे असेल. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच, साधारण तासभर. तेव्हा ट्यूब पेटली. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात. आईने सगळ्या वेळा जुन्या घड्याळाने काढल्या होत्या. टाइमझोनचा बग! मी एवढा खूश झालो की तिला तिथूनच फोन लावला, तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. म्हटलं, आई, तुझा हिशेब एक तासाने चुकतोय.

ती म्हणाली, "घड्याळ तुम्ही मागे केलंत ना? मग तूच एक तास वजा कर."

आता डिसेंबर संपत आलाय. नवीन कालनिर्णय तिने कुरियरने पाठवलंय, अजून वाटेत आहे. उद्या शनिवार, वायव्येचा वारा दिसतोय, आणि पेन्सिलने लिहिलेल्या वेळेतून तास वजा केला तर साडेआठ येतात. म्हणजे सहाला निघायला हवं. आज इथेच थांबतो, घावनाचं पीठ भिजवायचंय. भेटू पुढच्या भागात.